तीन पंचावन्नपर्यंतचे तास

पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड बाकीच्या गडचिरोली जिल्ह्यापासून तुटतं. सिरोंच्याला प्राणहिता आणि गोदावरी एकाच वेळी फुगतात. २०२० च्या ऑगस्टअखेरीस गोसेखुर्द धरणातून पाणी सोडलं तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यातल्या वैनगंगाकाठच्या गावांतून माणसं बोटीने बाहेर काढावी लागली. आणि २३ जानेवारी २०२४ ला पूर नव्हता, पाऊस नव्हता. चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला पलीकडच्या काठावर निघाल्या, नाव वैनगंगेत उलटली आणि सहा जणी बुडाल्या.

अशी बातमी आली की मोटारबोटीची मागणी होते. मागणी रास्त आहे. वल्ह्याच्या भरवशावर पुरात माणसं काढायला सांगणं हा त्या नावाड्यावरच अन्याय आहे. पण मागणी मान्य झाल्यावर कागदावर सगळ्यात ठळक आकडा येतो तो हॉर्सपॉवरचा. चाळीस की साठ, शंभर की दीडशे? जितकं मोठं तितकं भरवशाचं, असा समज त्यामागे असतो. इंजिन सुरू होतं का आणि पळतं का, हे दोन प्रश्न सगळेच विचारतात. मला तिसरा प्रश्न या दोन्हींच्या आधी यावा असं वाटतं: सांगितल्यावर ते थांबतं का?

हा प्रश्न १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात विचारला गेला. त्याचं उत्तर घ्यायला जे आले नव्हते, त्यांच्या जिवावर ते आलं. नव्या इंजिनाची चाचणी देणारी नौदलाची एक वेगवान बोट ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. पंधरा माणसं गेली. वेगवान बोटीत नौदलाचे दोघे होते आणि इंजिन पुरवणाऱ्या कंपनीचे चौघे. म्हणजे घेणारा आणि देणारा एकाच बोटीत बसून, हे इंजिन स्वीकारण्याजोगं आहे का, तेच पाहत होते. खरेदीआधीच्या पारखणीचा याहून नेमका प्रसंग सापडणार नाही.

खालचा घटनाक्रम त्या दिवसाच्या घड्याळावर मांडला आहे. दुपारी तीननंतरच्या नोंदी त्या दुर्घटनेच्या आहेत. त्याआधीच्या तासांत मी नौदलाच्या बोटीविषयी काहीही सांगत नाही. कुठल्याही मोठ्या इंजिनाच्या नीट चाचणीत ते तास कशासाठी असतात, ते लिहिलं आहे. वैनगंगेच्या घाटावर इंजिन तपासायला उभ्या राहणाऱ्या माणसाला तेच तास उपयोगी पडतील.

सकाळी ७. धडकेच्या नऊ तास आधी

इंजिन थंड असलं पाहिजे. विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आत ते सुरू करून गरम करून ठेवलं असेल तर ती तपासणी तिथेच थांबवावी, कारण इंजिनाचे बरेच दोष थंड सुरुवातीत दिसतात. झाकणावर हात ठेवून पाहा. मग झाकण काढा.

आत पांढरी खारट पूड दिसते का? बोल्टच्या डोक्यांभोवती अ‍ॅल्युमिनियम फुगून पापुद्रे सुटलेत का? आपल्याकडे येणारी जुनी इंजिनं समुद्रावर राबून आलेली असू शकतात. खाऱ्या पाण्यात चाललेलं आणि रोज गोड्या पाण्याने न धुतलेलं इंजिन बाहेरून रंगवता येतं, आतल्या पाण्याच्या वाटा रंगवता येत नाहीत. इंजिनाच्या खालच्या पायावर ताजा रंग असेल तर तो का दिला, हे विचारायलाच हवं. पाय कुठेतरी आपटला असेल आणि तडा भरून काढला असेल, ही शक्यता त्या रंगाखाली असते.

सुरू केल्याबरोबर मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार बाहेर पडली पाहिजे. ती धार म्हणजे थंड करणारा पंप चालू असल्याची खूण. पंपाच्या आत रबराची पाती असतात. आपल्या नद्यांचं पाणी पुरात रेतीने भरलेलं असतं आणि रेती ते रबर खाते. समुद्रावर दोन वर्षं टिकणारी पाती वैनगंगेत एका पावसाळ्यात झिजू शकतात. धार बारीक किंवा तुटक पडत असेल तर ‘कचरा अडकला असेल’ हे उत्तर मान्य करू नये. कचरा काढून दाखवा, असं म्हणावं.

सकाळी ८.३०

पायातलं गियर ऑइल थोडं काढून पाहायचं. दुधासारखं झालं असेल तर सीलमधून पाणी आत गेलंय. त्यात चकचकीत कण दिसले तर गियरचे दात झिजताहेत. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि विकणारा ते करू देत नसेल तर तेवढं उत्तर पुरेसं आहे.

मग प्रत्येक सिलिंडरचा दाब. दाब किती, यापेक्षा सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांहून जास्त फरक असला की एखादा सिलिंडर आजारी आहे. पूर्ण ताकदीवर तोच आधी बसतो.

आजच्या मोठ्या फोर-स्ट्रोक इंजिनांत संगणक असतो आणि तो इंजिन किती तास चाललं, त्यातले किती तास कुठल्या वेगाने चाललं, हे साठवून ठेवतो. अधिकृत मिस्त्री लॅपटॉप जोडून तो तक्ता काढून देतो. हा तक्ता मागणं हा खरेदीदाराचा हक्क आहे. तीनशे तास चाललेलं पण सतत पूर्ण थ्रॉटलवर रगडलेलं इंजिन, हजार तास मध्यम वेगाने चाललेल्या इंजिनापेक्षा वाईट असू शकतं.

सकाळी १०. सहा तास आधी

आता या लेखाचा मुख्य विषय, कारण इथेच बहुतेक तपासण्या घाईत उरकल्या जातात. इंजिन धडधडत सुरू झालेलं असतं, आवाज छान येतो, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि थ्रॉटल, सुकाणू, किल स्विच यांच्याकडे कुणी वळत नाही.

थ्रॉटलची मूठ हातात घ्या. पुढे ढकला, मागे आणा. मध्येच अडखळते का? हात सोडल्यावर आहे तिथे राहते की आपोआप सरकते? साध्या इंजिनांत ही मूठ एका केबलने इंजिनाला जोडलेली असते. केबलच्या आवरणात पाणी शिरून तार गंजली की ती एका बाजूला सहज जाते आणि परत येताना अडते. म्हणजे वेग वाढतो आणि कमी होत नाही. बऱ्याच मोठ्या इंजिनांत केबल नसते, मुठीची हालचाल विजेच्या संकेताने जाते. तिथे गंजाची भीती नाही, पण बॅटरी, जोड आणि तारा यांच्यावर सगळी भिस्त येते. इंजिन चालू असताना बॅटरीचे जोड हलवून पाहावेत. एवढ्यावर संकेत तुटत असेल तर लाटेवर बोट आपटल्यावर काय होईल?

गियरमध्ये असताना इंजिन सुरू होता कामा नये. किल्ली फिरवून खात्री करा. न्यूट्रलमध्ये टाकल्यावर पंखा पूर्ण थांबला पाहिजे, रेंगाळत फिरता कामा नये. पुरात बोट माणसाजवळ नेल्यावर तो माणूस पाण्यात असतो, त्याचे पाय पंख्याच्या बाजूला असतात. न्यूट्रलमध्येही सरकणारी बोट त्याला वाचवायला आली की चिरायला, हे अशा वेळी एका गियरवर ठरतं.

आणि किल स्विच. लाल रंगाची वेटोळी दोरी, एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला, मांडीला किंवा लाइफ जॅकेटला, दुसरं टोक स्विचमधल्या चिमट्याला. चालवणारा पडला किंवा जागेवरून उडाला की चिमटा निघतो आणि इंजिन त्या क्षणी बंद पडतं. पाचपन्नास रुपयांचं दिसणारं हे साधन मोठ्या इंजिनावर सगळ्यात मोलाचं आहे. ५ मे २०१३ ला इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या पॅडस्टो गावाजवळ सुट्टीवर आलेलं सहा जणांचं कुटुंब आपल्या रबरी बोटीतून एका वळणावर पाण्यात फेकलं गेलं. दोरी बांधलेली नव्हती. चालक नसलेली बोट वेगाने गोल गोल फिरत राहिली आणि त्यांच्यावरूनच गेली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी मरण पावली, इतरांपैकी दोघे गंभीर जखमी झाले. इंजिनात बिघाड नव्हता. ते अगदी उत्तम चालत होतं. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान मोटारबोटींवर ही दोरी बांधणं कायद्याने सक्तीचं झालं.

तपासणीत हा स्विच एकदा नाही, तीनदा ओढून पाहावा: नुसतं इंजिन चालू असताना, गियरमध्ये कमी वेगावर, आणि नंतर पाण्यात बोट पळत असताना. तिन्ही वेळा इंजिन लगेच मेलं पाहिजे. जुन्या, वापरलेल्या बोटींत हा स्विच खराब झाल्यावर तारा काढून तो बाद केलेला असू शकतो. दोरी लटकत असते, चिमटा जागेवर असतो आणि ओढल्यावर काहीच होत नाही. बोटीत दुसरी, सुटी दोरी असायलाच हवी, कारण चालक दोरीसकट पाण्यात गेला तर मागे राहिलेल्यांना इंजिन परत सुरू करून त्याच्याकडे जाता आलं पाहिजे.

वीस नॉट हा मोठ्या इंजिनाला फार वेग नाही. ताशी सुमारे ३७ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. थ्रॉटल अडकलंय हे कळायला तीन सेकंद, हात स्विचपर्यंत जायला दोन. एवढ्यात बोट पन्नास मीटर पुढे गेलेली असते.

दुपारी १२

वजन. दीडशे हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोनशे किलोंच्या पुढे जातं आणि हे सगळं ओझं बोटीच्या मागच्या फळीवर टांगलं जातं. त्या बोटीला किती ताकदीचं इंजिन चालेल, किती वजन आणि किती माणसं चालतील, हे बनवणाऱ्याने पाटीवर लिहिलेलं असतं. पाटी नसलेल्या बोटीला मोठं इंजिन लावू नये. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली, तेव्हा तिच्यात पेलवेल त्याहून जास्त माणसं चढलेली होती. मोठं इंजिन असलं की जास्त माणसं नेता येतील, हा समज अशा ठिकाणी जीव घेतो. इंजिन ओढण्याची ताकद देतं, बोटीला तरंगण्याची जास्तीची ताकद देत नाही.

इथे आपल्या जिल्ह्यांपुरती एक गोष्ट स्पष्ट म्हणतो. भामरागड किंवा एटापल्लीच्या बाजूला ठेवायच्या बोटीला फार मोठं इंजिन नको. मोठ्या इंजिनाला बॅटरी लागतेच. ती उतरली तर दोरी ओढून ते सुरू करता येत नाही. तीस-चाळीस हॉर्सपॉवरची, हाताने दोरी ओढून सुरू होणारी साधी इंजिनं मिळतात, दोन माणसं ती उचलून ट्रॅक्टरमध्ये टाकू शकतात, आणि पुलापलीकडे लॅपटॉपवाला मिस्त्री पोहोचू शकत नाही अशा दिवशी ती पाना-स्क्रूड्रायव्हरने सुधारता येतात. गडचिरोली शहरापासून भामरागड दीडशे किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि पुरात तो रस्ताच राहत नाही. तिथे भरवसा याचा अर्थ गावातल्या पोराला दुरुस्त करता येणं. गोसेखुर्दच्या जलाशयासारख्या मोठ्या पसाऱ्यात किंवा सिरोंच्याजवळ गोदावरीच्या रुंद पात्रात जोराच्या धारेविरुद्ध जायचं असेल तर मोठी ताकद लागते, हे खरं. ती तिथे घ्यावी.

पंख्याचंही असंच. प्रत्येक इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला किती फेरे हवेत याची हद्द ठरलेली असते, बऱ्याच इंजिनांत पाच ते सहा हजारांच्या दरम्यान. चाचणीत बोट ठरलेल्या वजनासह पळवली आणि फेरे त्या हद्दीखाली राहिले, तर पंखा जड आहे. इंजिन कायम ओझ्याखाली राबेल आणि लवकर जाईल. फेरे हद्दीच्या वर गेले तर पंखा हलका आहे. रिकाम्या बोटीत दोन माणसं बसवून घेतलेली चाचणी याबाबत काहीच सांगत नाही. माणसांऐवजी रेतीची पोती भरा. पोत्यांना घरी परतायचं नसतं.

शिवाय आपल्या बोटी नऊ महिने उभ्या असतात. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमधून ते पाणी तळाशी साचतं आणि पुराच्या पहिल्या दिवशी तेच आधी इंजिनात जातं. म्हणून पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवलेला आहे का, हे खरेदीच्या वेळीच पाहायचं.

दुपारी १.३०. अडीच तास आधी

चाचणी कुठे करायची, हे चाचणी काय करायची याइतकंच महत्त्वाचं आहे.

ज्या इंजिनावर अजून विश्वास बसलेला नाही ते इंजिन, व्याख्येनेच, बिघडू शकणारं इंजिन आहे. ते बिघडेल असं धरूनच पाणी निवडलं पाहिजे. पूर्ण थ्रॉटलवर अडकलेली बोट कुठल्याही दिशेने गेली तरी तिला कुणी आडवं येणार नाही, एवढी मोकळी जागा हवी.

मुंबई बंदर तसं नाही. गेटवेवरून घारापुरीला, मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटी, जेएनपीएकडे वळणारी कंटेनर जहाजं, मासेमारीच्या होड्या, नौदलाची स्वतःची जहाजं, जवाहर द्वीपावरचे तेलाचे धक्के, सगळं त्याच पाण्यात. १८ डिसेंबर बुधवार होता, नाताळच्या सुट्ट्या जवळ आलेल्या. पर्यटकांनी घारापुरीला जावं असाच तो दिवस होता.

आपल्याकडे पाणी रिकामं मिळतं. पण तिथेही निवड चुकू शकते. मार्कंडा देवस्थानाजवळ महाशिवरात्रीच्या जत्रेत, किंवा सकाळी मजुरांना ने-आण करणाऱ्या डोंग्यांच्या घाटावर चाचणी घेणं म्हणजे मुंबईचीच चूक छोट्या प्रमाणात करणं. ढिवरांची जाळी लागलेल्या डोहात तर नकोच. आधी परवानगी काढून एखाद्या जलाशयाच्या मोकळ्या भागात, मग नदीच्या धारेत, आणि दोन्ही वेळा आसपासच्या नावाड्यांना आदल्या दिवशी सांगून.

दुपारी ३ नंतर

‘नीलकमल’ गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरीकडे निघालेली आहे. तिचा परवाना ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांचा. दोन्ही बोटींवर मिळून त्या दिवशी ११३ माणसं होती. वेगवान बोटीवरची सहा वजा केली तर नीलकमलवर १०७ उरतात. कुटुंबं आहेत, लहान मुलं आहेत. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नाहीत.

दुपारी ३.५०

प्रवाशांना एक वेगवान बोट दिसते. ती पाण्यावर वळणं घेत, फेस उडवत फिरते आहे. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करू लागतं. वाचलेल्यांपैकी काहींनी नंतर सांगितलं की त्यांना ती कसरत वाटली होती.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पाण्यावरच्या परक्या माणसाला चाचणी चालू आहे हे ओळखता येत नाही. बोटीवर तसा झेंडा किंवा सोबत राखण करणारी दुसरी बोट असेल तरच ते कळतं. त्यामुळे दूर व्हावं, असं ना तांडेलाला वाटतं, ना प्रवाशांना. आणि प्रवासी बोट मंद असते. वाटलं असतं तरी ती किती दूर गेली असती?

चित्रणात दिसतं ते असं: बोट वळते, आणि वळून सरळ यांच्याकडे येते.

दुपारी ३.५५

वेगवान बोट नीलकमलच्या बाजूवर आदळते. नौदलाने नंतर निवेदनात सांगितलं की इंजिनाच्या चाचणीदरम्यान इंजिनात बिघाड होऊन बोटीवरचा ताबा सुटला. नौदलाने चौकशी मंडळ नेमलं, कुलाबा पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

बोटीला भगदाड पडतं आणि पाणी आत येऊ लागतं. ती एका बाजूला कलते.

दुपारी ४ ते संध्याकाळ

जवळून जाणाऱ्या बोटी आधी पोहोचतात. बंदरातली वाटाड्या बोट येते, सीआयएसएफची गस्ती बोट येते, मच्छीमार येतात. बुडणाऱ्या बोटीजवळ जाऊन त्यांनी माणसांना हाताने ओढून घेतलं. मुलांना आधी. नौदल आणि तटरक्षक दलाच्या बोटी आणि नौदलाची चार हेलिकॉप्टरं शोधाला लागतात. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे उजेड उरला होता तो सुमारे दोन तासांचा. या दोन तासांत बहुतेक सगळे वाचवलेले आहेत, हे त्या माणसांचं काम.

संध्याकाळी ७.३०

नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू आहे. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस तिथूनच आकडे सांगतात: १०१ वाचले, १३ मृत. त्यातले तिघे वेगवान बोटीवरचे होते, एक नौदलाचा आणि दोन इंजिन कंपनीचे. चाचणी घेणाऱ्यांनीही किंमत मोजली. पण ते चाचणीत सामील तरी होते. इतरांना हे ठाऊकच नव्हतं की आज ते एखाद्या इंजिनाच्या परीक्षेत बसले आहेत.

१९ ते २१ डिसेंबर

आकडा आधी चौदा झाला. मग शोध पथकांना एका सात वर्षांच्या मुलाचा मृतदेह सापडला आणि तो पंधरा झाला. अठ्ठ्याण्णव जण वाचले. गेटवेवरून निघणाऱ्या बोटींत प्रत्येक प्रवाशाला लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. नीलकमलचा परवाना गेला.

पुढच्या पावसाळ्याआधी

जॅकेट सक्तीचं झालं हे बरंच झालं, आणि ते गणपूरच्या घाटावरही व्हायला हवं. पण ती अपघातानंतरची तटबंदी आहे. आधीची तटबंदी खरेदीच्या कागदात असते, आणि तो कागद आपल्या तहसीलच्या, ग्रामपंचायतीच्या, मत्स्य सहकारी संस्थेच्या हातात असतो.

त्या कागदात हॉर्सपॉवरच्या आकड्याशेजारी आणखी काही ओळी लिहून घ्याव्यात. चाचणी झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देणार नाही. चाचणीत किल स्विच पूर्ण वेगावर ओढला जाईल, आणि इंजिन बंद पडलं नाही तर माल परत. थ्रॉटल दहा वेळा पूर्ण पुढे, पूर्ण मागे नेलं जाईल. सुकाणू दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवलं जाईल, कमी वेगावर आणि मग जास्त वेगावर. ओझं पोत्यांचं असेल. बोटीत दोनच माणसं असतील, दोघांच्या अंगावर जॅकेट, चालवणाऱ्याला दोरी. शेजारी वेगळ्या इंजिनाची दुसरी बोट सज्ज असेल, आणि तिच्यावरचा माणूस हात वर करून चाचणी थांबवू शकेल, मग पाहायला कुणीही मोठा माणूस आलेला असो. घाट दोन तास बंद असेल. उद्घाटनाचा फोटो काढायचा असेल तर तो दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या फेरीला.

आणि ही चाचणी एकदा खरेदीला, मग दरवर्षी मे महिन्यात, जेव्हा नदीत पाणी कमी असतं, दगड दिसतात आणि बिघाड झाला तर दुरुस्तीला एक महिना हाताशी असतो.